बांबूला विद्यावेतन, नाटकाला टाळ्या

मूल, जि. चंद्रपूर

तीर्थस्वरूप मुखरूभाऊजींस,

तुमच्या एकुलत्या एक आणि सध्या आतून भाजून निघत असलेल्या साळ्याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मनकर्णाबाईचे गुडघे काय म्हणतात? (तिला सांगा, तेलानं गुण येत नसेल तर घरभर फिरून भांडणं कमी करून बघ. डॉक्टर नाही, भाऊ सांगतो.) वडशात तुमची नाटक मंडळी तालमीला बसली असेलच. माझं म्हणाल तर जेवण जातं, झोप येते, फक्त दानिशचं नाव कानावर पडलं की छातीत जळजळतं. मेडिकलवाल्यानं गोळी दिली. ती पाण्यासोबत घेतली आणि दुकानाबाहेर पाऊल टाकतो, तर समोरून दानिशच येत होता. गोळी वाया गेली.

दानिश तुम्हाला आठवत असेल. भद्रावतीच्या नवाबभाई सुतारांचा मुलगा, कॉलेजात माझ्या खोलीत राहायचा, तुमच्या लग्नात वाढायलाही होता. आता आम्ही दोघंही विद्यापीठाच्या इथल्या उपकेंद्रात तासिकेवर शिकवतो. तो बांबूकाम शिकवतो, मी मराठी आणि लोकनाट्य. दोघांच्या वर्गांची छपरं सारखीच गळत होती, म्हणून दोस्तीही पक्की होती. मागल्या वर्षी एका खाण कंपनीच्या फाउंडेशननं त्याच्या वर्गाला मदत दिली आणि सगळं बिघडलं. (कंपन्यांना नफ्यातला काही हिस्सा समाजासाठी खर्चावा लागतो, असा कायदा आहे म्हणे. तो कायदा माझ्या वर्गाच्या दारापर्यंत आला आणि दानिशच्या वर्गाकडे वळला.) त्याला नवीन शेड मिळाली, यंत्रं मिळाली, पोरापोरींना विद्यावेतन आणि वसतिगृह मिळालं. आम्हाला त्या फाउंडेशनचं कॅलेंडर मिळालं. त्यातही एका पानावर दानिशचा फोटो आहे, आणि तो महिना लवकर उलटत नाही.

तरी मी सहन केलं असतं. पण एक दिवस दिव्यानी वर्गात आलीच नाही. दिव्यानी म्हणजे भामरागडच्याही पलीकडची पोरगी. तिचा आवाज असा, की माइक गेला तरी शेवटच्या रांगेतली म्हातारी मान वर करून बघेल. माझ्या नाटकात ती वनवासातली राणी. शोधत गेलो तर बाईसाहेब दानिशच्या शेडमध्ये बांबू तासत बसलेल्या.

‘‘काऊन वो दिव्यानी?’’ मी विचारलं.

‘‘सर, पावसाळ्यात आमच्या गावाचा रस्ता बंद रायते. बा काईच पाठवू नाई शकत. इथी राहाले जागा देऊन राह्यले, खाले बी भेटते. तुमच्या इथी रायली असती, तर मले गावी वापस जावं लागलं असतं.’’

मी तिला म्हटलं, ‘‘बरं झालं.’’ आणि परत येताना वाटेतल्या एका निरपराध बांबूला लाथ मारली. नख गेलं.

मग मीही ठरवलं, की फाउंडेशन काय एकट्या दानिशचं नाही. चंद्रपूरला त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साधना मॅडम फार गोड बोलतात (दानिशशी जास्त गोड बोलतात, असं वाटतं). त्यांनी विचारलं, तुमच्या कार्यक्रमाचा परिणाम मोजणार कसा? मी म्हटलं, तिसऱ्या अंकात रडणाऱ्या बायका मोजू. त्यांनी ते गंभीरपणे टिपून घेतलं आणि म्हणाल्या, दानिश सरांचं केंद्र बघायला येणारच आहोत, तेव्हा तुमचंही बघू. त्या ‘तुमचंही’मधला ‘ही’ मला अजून टोचतो.

भेटीच्या दिवशी मी फाटकावरच उभा राहिलो. बेत असा, की मॅडमची गाडी आधी माझ्याकडे वळवायची. गाडी थांबताच म्हटलं, ‘‘मॅडम, बांबू केंद्राकडे जाऊ नका, तिकडं वाघ दिसला आहे!’’ आपल्याकडचा माणूस असता तर गाडी वळवून माझ्या वर्गात येऊन बसला असता. पण मॅडम मूळच्या मुंबईच्या. त्यांनी कॅमेरा काढला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, ‘‘लवकर घ्या!’’ गाडी धूळ उडवत थेट दानिशच्या दारात. वाघ दिसला नाही, म्हणून मग त्यांनी निवांतपणे सगळी यंत्रं पाहिली. इकडे माझा राजा (सुरज) मुकुट घालून उन्हात घामाघूम, आणि माझी राणी (बुधू, दिव्यानीच्या जागी, मिशी नुकतीच उतरवलेली) लुगडं सावरत शिव्या देत होती.

दुपारी मॅडम आल्या त्या दानिशचा आख्खा वर्ग सोबत घेऊन. रंगमंच म्हणजे आमचे बेंच, सुतळीनं एकमेकांना बांधलेले. तिसऱ्या अंकात सुरजनं तलवार उपसून उडी घेतली, आणि बेंच दोन दिशांना गेले. राजा एका बाजूला पडला, राणी दुसऱ्या बाजूला, पाय मुरगळून. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दानिशची पोरं बांबू घेऊन धावली होती. आडवे-उभे ठोकून त्यांनी खालून असा टेकू दिला, की बेंच हलेनात. आणि वर दिव्यानी! अंगावर बांबूचा भुसा, बुधूच्या डोक्यावरचा पदर काढून तिनं स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि पुढचं वाक्य उचललं.

‘‘राजा, तुह्या राज्यात ऐकाले कान हाय, पण बोलाले जागा नाई!’’

भाऊजी, हे वाक्य माझं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. पण वर्गात पंखादेखील आवाज न करता फिरू लागला. मॅडमनी डोळे पुसले. ड्रायव्हर हुंदके देत होता. (त्याला बायकांच्या हिशेबात धरावं की नाही, हे मी आधी सांगितलं नव्हतं.) माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं, भुसाच असावा.

मी आभार मानायला उठणार, तेवढ्यात दानिशच बोलला, ‘‘मॅडम, बेंचावर नाटक करून पोट्टे पडून राह्यले. आम्ही बांबूचा रंगमंच बनवतो, उकलून टेम्पोत टाकता येईल असा. गावोगाव जाईल. पण त्यावर चढणारे कलाकार हेमराजकडेच हायत. त्यायले बी विद्यावेतन द्या.’’

मंजूर झालं. माझ्या पोरांनाही विद्यावेतन, वसतिगृह, सगळं. दिव्यानी आता सकाळी बांबू शिकते आणि दुपारी माझी राणी होते. बुधूनं मिशी पुन्हा वाढवायला घेतली आहे. म्हणजे मला जे हवं होतं ते सारं मिळालं. पण ते दानिशनं मागितलं, हे कसं गिळावं? कागदावर तो ‘प्रकल्पप्रमुख’ आणि मी ‘सह-मार्गदर्शक’. ‘सह’ हा उपसर्ग मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आलो, पण तो इतका आखूड असेल असं वाटलं नव्हतं. दिव्यानी पाया पडली, तीही आधी त्याच्या.

बाईला नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद.

तुमचा,
हेमराज

ता. क. : यंदा तुमच्या मंडळीचा पहिला प्रयोग याच बांबूच्या रंगमंचावर करायला हो म्हणा, आणि त्यात दिव्यानीला एखादी भूमिका द्या. लहान चालेल. आवाज तिचा ती मोठा करेल.

ता. क. २ : सुरुवातीला नावं पुकाराल तेव्हा वर्णानुक्रमानं नको. द आधी येतो आणि ह पार शेवटी. (मराठीच्या मास्तराला वर्णमालेनंही दगा द्यावा!) वयाप्रमाणे पुकारा. मी दानिशपेक्षा मोठा आहे, थोडासाच, पण आहे.

ता. क. ३ : हे पत्र दानिशच घेऊन येतो आहे, रंगमंचाची जागा बघायला. त्याला जेवल्याशिवाय सोडू नका. वांग्याची भाजी आवडते, तिखट कमी. त्यानं पत्र वाचलं असेल अशी शंका नको. पाकीट त्याच्याच शेडमधल्या डिंकानं चिकटवलं आहे. हेवा वाटावा असा डिंक आहे हो, उघडता उघडत नाही.