दीड वार मखमल

मामा,

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही जाऊन चाळीस वर्षांच्या वर झाली. सातवी नापास माणसाला पत्र लिहायला धीर लागतो आणि तो माझ्यात कधी नव्हता, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? परवा इथे सांगलीत मुलाच्या घरी नवे पडदे लावले, सोफ्यालाही नवं कापड चढवलं. लावायला आलेल्यांनी ताग्याला जिथे हात पडला तिथे कात्री घातली आणि उरलेलं पोतंभर कापड घंटागाडीत टाकायला निघाले. मी पोतं धरून बसलो. तुकडे काढून फरशीवर जुळवून दाखवले, की बाबांनो, यात चार अभ्रे आणि सोफ्याच्या कडेचा सगळा गोट निघतो. मुलगा म्हणाला, "अण्णा, लोकांसमोर चिंध्या काय वेचता?" सून आत गेली. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. मुलाचा राग आला म्हणावं तर तसंही नाही. राग तुमचा आला, आणि तो जुना आहे.

साताऱ्यातली आपली ती अंधारी खोली, जिथे मी तुमच्या हाताखाली खुर्च्या मढवायला शिकलो. भिंतीला काथ्याच्या गठड्या, मधे पाट, आणि पाटावर तुम्ही. गिऱ्हाईकाचं कापड आलं की तुम्ही कात्रीला हात लावत नाही. आधी रद्दीचे कागद कापता, खुर्चीची पाठ, बैठक, हात, सगळं कागदाचं, आणि ते कागद कापडावर सरकवत अर्धा दिवस घालवता. मोठ्याच्या पोटात लहान बसवता. मधल्या पट्ट्यांचा गोट, कोपऱ्यांतून पडद्याचे बंद, त्याहून बारीक ते बटणं मढवायला. एवढं करूनही बोटभर उरलं तर ते पुरचुंडीत बांधून मालासोबत गिऱ्हाईकाला परत. "शिवणाऱ्याला जग चोर म्हणतं गड्या," तुम्ही म्हणायचा, "पुरचुंडी दिली का त्येचं तोंड बंद." बंगलेवाले त्या पुरचुंडीनं मोटार पुसत. मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुष्काळ सरल्यावरच्या दुसऱ्या साली माझ्या बहिणीला, म्हणजे तुमच्याच भाचीला, बघायला पाहुणे यायचे होते. विट्याजवळचं आमचं घर तुम्हाला ठाऊक होतं. पाहुण्यांच्या पाठीला द्यायला एक तक्क्या होता आणि त्याचा कापूस बाहेर आलेला. मी भीत भीत विचारलं, एखादा उरला तुकडा मिळेल का.

"गिऱ्हाईकाचं हाय ते."

"उरलेलंच मागतोय, मामा."

"उरलेलं बी त्येंचंच." मग तोंडातली टाचणी काढून, खोलीतल्या दोन्ही कारागिरांच्या देखत म्हणालात, "भैनीला चोरीच्या कापडावर बसवून दाखवतूस व्हय रं?"

ते दोघं हसले. एक म्हणाला, "आवं, मामाच्या घरचं चालतंय की." तुम्हीही हसलात. मामा, तोवर मी एक दोराही चोरला नव्हता.

आठ दिवसांनी तुम्ही काथ्या आणायला लोणंदला गेलात आणि गोडोलीकडच्या बंगल्याच्या दोन मोठ्या खुर्च्या माझ्यावर सोपवल्या. हिरवी मखमल. खुर्चीची पाठ वर रुंद, खाली निमुळती. दोन्ही पाठी एकाच अंगानं मांडल्या तर मधलं कापड वाया जातं. एक सुलटी, एक उलटी मांडली की एकमेकींत बसतात. मी तशा मांडल्या. दीड वार मखमल वाचली. ती घडी करून मी सदऱ्याच्या आत पोटाला बांधली आणि पुरचुंडीत नेहमीसारख्या चिंध्या भरल्या. तुम्ही आलात तेव्हा खुर्च्या गोणपाटात गुंडाळलेल्या होत्या. मीच म्हणालो, उघडून बघता का. तुम्ही म्हणालात, "तू केलंस न्हवं? मग कशाला बघायचं?"

बंगल्यात खिडकीच्या उजेडात खुर्च्या ठेवल्या. एका खुर्चीची पाठ गर्द हिरवी, दुसरीची फिकी, राखेसारखी. बाई म्हणाल्या, "हे आमचं कापड नाही. अर्धं बदललंत तुम्ही." तुम्ही वाकलात. फिक्या पाठीवरून हात वरून खाली नेला, मग खालून वर. "कापड तुमचंच हाय, बाई. मखमलीचे केस, लव, उलटी पडली, म्हून फिकी दिसती. म्या बेतलं, चूक माजी." बाईंनी पुरचुंडी फरशीवर उपडी केली. "आणि उरलेलं? एवढंच?" तुम्ही गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणालात, "एवढंच." मी दाराशी उभा होतो. 

बाईंनी ते गावभर सांगितलं. पाचगणीच्या शाळेच्या पडद्यांचं काम जवळजवळ ठरलं होतं, ते गेलं. आणि त्याच महिन्यात तुम्ही मामा म्हणून बहिणीच्या पाहुण्यांत येऊन बसलात. आईनं तक्क्या तुमच्या पाठीशी सरकवला. हिरवी मखमल. तुम्ही त्यावर हात ठेवला. एकदा सुलटा फिरवला, एकदा उलटा. "पोरगी लय कामाची हाय आमची," पाहुण्यांना म्हणालात. शेवटपर्यंत ताठ बसलात, पाठ टेकली नाही.

लग्न जमलं. तुम्ही अंतरपाटाशी भाचीच्या मागे उभे राहिलात. मला मात्र पुन्हा कात्री दिली नाहीत. दोन वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, मी काथ्या पिंजला आणि खिळे ठोकले. त्या मखमलीबद्दल एक शब्द बोलला नाहीत. कारागिरांसमोर चोर म्हणायला जीभ होती, आणि खरंच चोरी केली तेव्हा एक थोबाडीत मारायला हात नव्हता. मारली असती तर मी त्याच दिवशी मोकळा झालो असतो. तुम्ही मला तसाच ठेवलात. याचा राग मी अजून गिळू शकलेलो नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही हे मला कळतं. पण तुम्ही चूक अंगावर घेतलीत तरी आपले कारागीर समजत आले की चूक माझी, पोरगा नवखा होता, त्याला लव समजली नाही. मामा, मला लव समजत होती. तुम्हीच हात धरून शिकवली होती. रंग वेगळे दिसणार हे माहीत असून मी कापलं. वाटलं, बंगलेवाले कुठे बघतात.

आणि ज्याला लव कळते त्याला उलटी पाठ बघताच किती कापड वाचलं हेही कळतं. मग माळेला हात लावून "एवढंच" म्हणालात तेव्हा तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं, की माझ्यासाठी खोटी शपथ घेतलीत? तक्क्यापाशी कळलं, की त्याआधी, खुर्चीपाशीच? मला रात्रंदिवस हेच लागून राहिलंय. आता माझेही फार दिवस राहिलेले नाहीत. कसंही करून कळवा, आणि लवकर कळवा.