राणी विकणे आहे

चि. बारक्यास,

थोरलीचा आशीर्वाद. इकडे मी बरी आहे, डावा गुडघा सोडून. तुझं पोट आता ठीक आहे का, आणि तुझ्या बायकोचं पोट किती वाढलं? (दोन पोटांची चौकशी वेगवेगळी आहे, उत्तरंही वेगवेगळी दे. मागच्या वेळी दोघांचं मिळून 'बरं आहे' लिहिलंस.) डॉक्टरणीने दिलेल्या गोळ्या ती घेते, का नुसत्या उशाशी ठेवते? चौथीपर्यंत शिकवतात तेवढं पत्र इथे संपलं. पुढचं मी बोलल्यासारखं लिहिते, तू ऐकल्यासारखं वाच आणि मध्ये बोलू नकोस.

बाळ यायच्या आत चार दारांची गाडी घ्यायची, म्हणून तुझी ही दोन दारांची स्पोर्ट्स कार माझ्या दारात लावून गेलास आणि महिनाअखेर विकून दे म्हणालास. मला पटलं. तिच्या मागच्या जागेत बाळ तर सोडच, छत्री आडवी राहत नाही. पण विकायला निघाले आणि रंगाच्या भानगडीत अडकले. गाडी मूळची राखाडी. तुला ती डाळिंबी करायची होती, रंगाऱ्याला दाखवायला तू माझ्याकडे कापडाचा तुकडा मागितलास आणि पाकिटातून गेला राणी. (चुकून गेला, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.) तू दोन दिवस धुसफुसलास आणि मग दोन वर्षं तीच चालवलीस.

आधी पेपरात जाहिरात दिली. तिथला माणूस शब्दाला पैसे लावतो. मी आयुष्यभर कापड बेतून शिवलंय, मी शब्दही बेतले. 'राणी रंगाची दोन दारांची गाडी'तून जास्तीचं सगळं कापलं आणि छापून आलं, 'राणी विकणे आहे. एकाच मालकाकडची. तब्येत उत्तम. पळते छान.' सकाळपासून फोन. पहिल्याने वय विचारलं, सात सांगितलं. दुसरा म्हणाला दूध किती देते. मी म्हटलं, पेट्रोल पिते, देत काही नाही. तिसऱ्याने शर्यतीत कितवी आली विचारलं आणि दात बघायला येतो म्हणाला. चौथ्याच्या हातून फोन त्याच्या बायकोने घेतला, ती काय बोलली ते लिहीत नाही, तुझ्या घरात बाळ येणार आहे.

मग जुन्या गाड्या विकणाऱ्या टकलूशेठकडे नेली. (कशी नेली ते नंतर.) त्याने पहिलाच प्रश्न केला, रंग ओरिजिनल का? मी म्हटलं, म्हणजे काय! असा रंग सगळ्या शहरात दुसऱ्या गाडीला दाखवा. त्यावर तो हसला आणि साबणाच्या वडीएवढं एक यंत्र काढून गाडीच्या अंगाला ठिकठिकाणी टेकवत सुटला, ताप बघितल्यासारखं. रंगाचा थर किती जाड ते त्याच्यात दिसतं. ओरिजिनल म्हणजे कारखान्यातून आला तो. वरून दुसरा रंग मारला की लोकांना वाटतं, खाली ठोकलेलं लपवलंय. मी म्हटलं, आमच्यात अस्तर लावलं की भाव वाढतो. तो म्हणाला, ताई, हे अस्तर नाही.

त्याच्याकडे अगदी एकसारख्या दोन स्पोर्ट्स गाड्या होत्या. एक पिवळी, काचेपाशी, दिव्याखाली. दुसरी चिखलाच्या रंगाची, मागे पाण्याच्या टाकीपाशी. एकाच वर्षाच्या. पिवळीचा भाव जास्त. मला राहवेना. जास्त पळते का? नाही. सीट मऊ आहे का? नाही. मग? म्हणाला, पिवळी विकली जाते. का? लोक मागतात. का मागतात? विकली जाते म्हणून. मी म्हटलं, हे परत एकदा सांगा. तर तो पाणी प्यायला गेला.

परत आल्यावर जरा शहाण्यासारखं बोलला. म्हणे, साधी गाडी घेणारा पांढरी बघतो, स्पोर्ट्सवाला लाल नाहीतर पिवळी बघतो, पण दोघंही स्वतःची आवड बघत नाहीत. पुढच्या गिऱ्हाइकाला काय आवडेल ते बघतात. बारक्या, तेव्हापासून माझ्या डोक्यात हे पुढचं गिऱ्हाईक बसलंय. कोण आहे हे? सगळं जग त्याच्या आवडीचं अंगावर घालून फिरतं आणि ते कुणी पाहिलेलं नाही! माझ्याकडे येणाऱ्या बायका बघ. राणी कापडावरून हात फिरवतात, गालाला लावतात, आणि शिवून नेतात राखाडी. का, तर सगळ्यांत चालतो. मीसुद्धा तेच. तीस वर्षं दुसऱ्यांना राणी दाखवला आणि अंगावर बघशील तर पाण्याच्या टाकीपाशीचा चिखल.

मग खात्री करायला मी मशीन खिडकीपाशी घेतलं, गाडी समोर उभी केली आणि थांबून बघणाऱ्या माणसागणिक कापडावर खडूची रेघ मारली. दुपारपर्यंत एकेचाळीस. एक म्हातारा दोनदा आला, त्याची एकच धरली. त्याच वेळी शेजारच्या पांढऱ्या गाडीकडे कोण बघत होतं? फक्त तिचा मालक, तोही चावी सापडत नव्हती म्हणून. तरी टकलूशेठ म्हणतो, बघणारे वेगळे, घेणारे वेगळे. त्याने सांगितलेली किंमत सोबतच्या चिठ्ठीवर आहे. बसून वाच. रंगच तसा, त्याला तू काय करणार आणि मी काय करणार.

तुझ्या बायकोला जिने चढू देऊ नकोस.

तुझी,
थोरली

ता. क. टकलूशेठच्या त्याच किमतीला गाडी मी घेते. पैसे तुला महिनाअखेर रोख मिळतील, चार दारांची अडणार नाही. पुढचं गिऱ्हाईक सापडलं, ते मीच. लायसन्स गेल्या महिन्यात मिळालं, सांगायचं राहिलं.

ता. क. दुसरी. पोटात ठेवून मला झोप येत नाही. एक दातांची डॉक्टरीण आली होती, तिला हाच रंग हवा होता आणि ती तू सांगितलेली पूर्ण किंमत द्यायला तयार होती. मी तिला सांगितलं, पहिल्या धुण्यात रंग सुटतो. तर ती पूर्ण किंमतच मी देईन, वरचे पैसे हप्त्याने. आणि पाकिटातला तो राणीचा तुकडा चुकून गेला नव्हता.

ता. क. तिसरी, आणि पत्र खरं ह्याच्यासाठी आहे. रिव्हर्स कसा पडतो? क्लासच्या गाडीत पडायचा, हिच्यात पडत नाही. चार दिवस मी नुसती पुढेच जातेय. टकलूशेठकडून निघताना त्याच्या चार माणसांनी मागे ढकलली. आता तिचं नाक इस्त्रीवाल्याच्या दाराला टेकलंय आणि तो आत आहे. पत्र मिळताच फोन कर.