फौजदाराचे दात

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात). तुझी कंबर कशी आहे? भावोजी गोळ्या खरंच घेतात, की अजून तुझ्यासमोर गिळल्याचं नाटक करतात? पत्र एवढ्यासाठी, की फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

तुझे चिरंजीव परीक्षेत आपटून माझ्याकडे राहायला आले, तेव्हा तू बजावलं होतंस: पोरगा दार लावून दिवसभर सिरीज का बघत बसतो ते शोध, नाहीतर मी येऊन त्याला घेऊन जाते. मी आधी प्रेमभंगाचा संशय घेतला, मग डोळ्यांचा, मग डोक्याचा. शेवटी उशी घेऊन त्याच्या शेजारीच ठाण मांडलं. (शत्रूच्या गोटात शिरल्याशिवाय बातमी मिळत नाही.) एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू, माणसाला 'नको' म्हणायलाही उसंत नाही. सिरीजमधला फौजदार खुन्याच्या मागे आणि मी फौजदाराच्या मागे. त्याच्या पुढच्या दोन दातांत भलीमोठी फट. मी पडलो कवळ्या करणारा, मला खुनापेक्षा तीच दिसायची.

व्हायचं तेच झालं. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या कवळीचे दात मी मेणात बसवत होतो आणि हात आपले आपणच चालले. मी घरी विसरलेला डबा घेऊन चिरंजीव कुरकुरत कारखान्यात आले, कवळी बघितली आणि ओरडले, "मामा, हा तर फौजदार हसतोय!" चष्मा पुसून पाहतो तर हुबेहूब तीच फट. बाईंनी मला या वयात बाकावर उभं केलं असतं. माझी अब्रू तुझ्या मुलाच्या सिरीज बघण्याने वाचली, हे लिहिताना हात अडखळतो, पण खरं आहे.

दात पुन्हा बसवायला तो शेजारी बसला. हाताला काम मिळालं की तोंड सुटतं. म्हणाला, "मामा, सिरीजमध्ये पुढे काय ते कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. इकडे जो भेटतो तो मलाच विचारतो, पुढे काय?" ताई, आपण सगळेच त्याला सकाळ-संध्याकाळ औषधासारखं तेच पाजत होतो.

आता मात्र जीव भांड्यात पडलाय. दुसऱ्या दिवशी तो न बोलावता कारखान्यात आला, अजून रोज येतोय. पुढे काय ते त्याला ठाऊक नाही, मला तर नाहीच. पण पोटभर जेवतो, कानस चालवताना शीळ घालतो आणि अंथरुणाला पाठ टेकताच घोरतो, अगदी भावोजींसारखा. तेव्हा त्याला न्यायला येऊ नकोस. नुसती भेटायला जरूर ये.

तुझा धाकटा (आणि सध्या निर्धास्त) भाऊ

ता. क. फोनवर त्याला 'जेवलास का' एवढंच विचार. 'पुढे काय' विचारू नकोस.

आणखी एक ता. क. सिरीजचं ते तुझ्या नावावरचं खातं तू रागाने बंद करून टाकलंस ना? त्याला अजून पत्ताच नाही. मला त्याच संध्याकाळी कळलं. चालू कर ना, ताई. एकच भाग राहिलाय, खुनी दाराआड उभा आहे, फौजदाराने कडीला हात घातलाय, आणि माझा जीव नुसता टांगणीला लागलाय, पुढे काय?