नावाड्याच्या घराचं दार

१२ ऑक्टोबर, मंगळवार

बोललो आणि फसलो! माझ्या नातीचं, कोर्नेलियाचं, उजवं मनगट मोडलं. मासिकाच्या ऑफिसच्या जिन्यावरून घसरली. सहा आठवडे प्लॅस्टर. आणि अठ्ठावीस तारखेपर्यंत तिला एका नव्या व्हिडिओ गेमचं परीक्षण द्यायचंय. लिहायला डावा हात पुरेल म्हणते, पण खेळायला दोन लागतात. मी सूप ढवळत होतो. तोंडातून निघून गेलं, "माझे दोन आहेत की."

मला वाटलं हसेल. हसली नाही. "ओपा, खरंच?" म्हणाली. आजोबांना ती ओपा म्हणते.

आता नाही कसं म्हणू? नोकरी नवी आहे पोरीची. वर्ष संपताना कायम करायचं की नाही ते संपादक हाबेर्को ठरवणार. माझ्या नातीची नोकरी माझ्याच हाताने गेली तर तिच्या आईला डॉर्टमुंडला फोन कोणत्या तोंडाने करू?

१३ ऑक्टोबर

कंट्रोलरला सतरा बटणं आहेत. दोनदा मोजली. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने बघायचं. मी तासभर एका भिंतीकडे तोंड करून चालत होतो.

"ओपा, भिंत सोडा. रस्ता मागे आहे."

"दिसत नाही तर कसा सोडू?"

"मान वळवा!"

मी माझीच मान वळवली. तेव्हा मात्र इतकी हसली की मनगट दुखलं तिचं.

नदीत दोनदा पडलो. जीव जात नाही, पुन्हा काठावर उभं करतात. फार चांगली सोय.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

आता जमतंय! खेळाचं नाव ‘शेवटचं टपाल’. मिलेना नावाची बाई एका खोऱ्यात पत्रं वाटते. तिथे धरण होणार, गाव बुडणार. रोज एक घर रिकामं होतं आणि पिशवी हलकी होत जाते. मारामारी नाही, शर्यत नाही. मला वाटलं होतं गोळ्या झाडाव्या लागतील — उगाच धास्तावलो होतो.

सकाळी न्याहारीनंतर दोन तास, दुपारी एक. कोर्नेलिया शेजारी बसून डाव्या हाताने टिपणं काढते. अक्षर माझ्यापेक्षा वाईट. मी तर पंधराव्या वर्षी शाळा सोडली होती!

१७ ऑक्टोबर, रविवार

शेजारचा गेरार्ड जेवायला होता. रोलाडा म्हणजे मांसाच्या गुंडाळ्या, बटाट्याचे गोळे, लाल कोबी. कोबी माझी बायको त्राउदा करायची तसा झाला, अगदी तसा नाही, पण जवळ.

रेडिओवर एक प्राध्यापक सांगत होते की असले खेळ कला होऊच शकत नाहीत. गेरार्डला जोर चढला. "बटण दाबलं की कला होते? मग आपल्या इमारतीची लिफ्ट पण कलाच म्हण की!"

कोर्नेलिया शांतपणे म्हणाली, "गेरार्ड काका, खाणीच्या बँडमध्ये तुम्ही चाळीस वर्षं ट्यूबा वाजवलात. त्याला किती बटणं?"

"ती वेगळी."

"किती?"

"...चार."

मग पाचवा गोळा घेतला.

मला कलेतलं कळत नाही. पण खोऱ्यात टेकडीवर एक म्हातारी आहे. तिला पत्र कधी येत नाही. तरी खिडकीत बसते. मी तिच्याकडे तीनदा सरपण नेऊन टाकलं. खेळ त्याचं काही देत नाही, गुण वाढत नाहीत, कुणी आभार मानत नाही. फक्त धुराड्यातून धूर येतो. चौथ्यांदा निघालो तेव्हा कोर्नेलियाने टिपण काढायचं थांबवलं आणि नुसती बघत राहिली.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

फार मोठी चूक केली.

सकाळी पार्सल आलं. ती डॉक्टरकडे गेली होती. मी सही केली, उघडलं. लाकडी खोका, आत मधाची बरणी आणि मिलेनासारखी लोकरी टोपी. पाव गरम होता. मध खाल्ला. टोपी घालून गेरार्डच्या कबुतरखान्यावर जाऊन आलो. त्यानेही कौतुक केलं.

कोर्नेलिया आली आणि दारातच थबकली. "ओपा, हे खेळ विकणाऱ्या कंपनीकडून आलंय! आपण त्यांच्यावर लिहिणार आणि त्यांचाच मध खाणार?"

"निम्माच खाल्ला," मी म्हणालो.

तिने खोका परत पाठवायला सांगितला. मधाचं परीक्षणाखाली छापणार आहे — आजोबांनी अर्धी बरणी खाल्ली, म्हणून. छापू दे. खोटं नाही ते.

खोका बांधताना तळाशी एक छापील कागद सापडला. परीक्षकांसाठी होता. कोर्नेलिया असले कागद खेळ संपेपर्यंत वाचत नाही. मी वाचला! शेवटी नावाड्याच्या घरात मिलेनाला तिच्या आईचं पत्र सापडतं, असं होतं. 'डोळे पाणावणारा क्षण.' आता मला शेवट माहीत झाला आणि तिला नाही. वाईट वाटतंय.

२१ ऑक्टोबर

रोज काय खेळलो ते एका कागदावर मांडतो. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, खाली सही. सवय! खाणीत एकतीस वर्षं मिथेन वायू मोजला. प्रत्येक जागी फळा असे, त्यावर खडूने लिहायचं — तारीख, वेळ, किती टक्के, कुणी मोजलं. माझा आकडा वाचून माणसं आत जात. घरी आल्यावर जेवताना मला वाटायचं, तीन नंबरला नीट पाहिलं ना? त्राउदा म्हणायची, "एवाल्ड, सूप मोजू नकोस, खा."

कोर्नेलियाने कागद पाहिले. हसेल वाटलं. तिने क्रमाने लावून फाईलला टाचले.

२३ ऑक्टोबर, शनिवार

अडकलो. गाव रिकामं झालं, नदीकाठी नावाड्याचं घर आलं. किल्ली आहे. बटण दाबतो. मिलेना हात उचलते, खाली सोडते. दार उघडत नाही. शंभर वेळा दाबलं असेल.

कोर्नेलियाने डाव्या हाताने दाबलं. तेच. म्हणाली, मागे काहीतरी सुटलं असेल. उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून.

खरं सांगायचं तर पुन्हा पहिल्यापासून म्हटल्यावर आनंदच झाला. म्हातारीकडे जायला मिळेल.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा तिथेच! या वेळी एकही घर सोडलं नव्हतं. आनंद गेला.

कोर्नेलियाने कंपनीला फोन केला. तिकडची बाई गोड बोलली. बाकी कुणाची तक्रार नाही, सगळ्यांचा खेळ पूर्ण झाला, हवं तर शेवटाची फिल्म पाठवते. मग कोर्नेलियाने दुसऱ्या मासिकातल्या ओळखीच्या परीक्षकाला विचारलं. तो म्हणाला, "दार? दाराचं काय? अगं, शेवट अप्रतिम आहे!"

म्हणजे माझेच हात. थरथरतात थोडे, हे मी तिला आधी सांगायला हवं होतं.

२७ ऑक्टोबर

हाबेर्कोचा फोन. मोठ्याने बोलतो, मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. "कव्हरवर तोच खेळ छापलाय, कोर्नेलिया! आकडा दे. आठ दे, नऊ दे. शेवट फिल्ममध्ये बघ, सगळे बघतात." ती म्हणाली, जे खेळलं नाही त्याला गुण कसे देऊ? तो म्हणाला, "मग जे देतात त्यांना घेतो की!"

फोन ठेवून ती प्लॅस्टर दाखवायला दवाखान्यात गेली. चेहरा पांढरा.

ती परत आली तेव्हा मी म्हणालो, "उघडलं. तू नव्हतीस तेव्हा."

"काय होतं आत?"

"आईचं पत्र. डोळ्यात पाणी आलं." कागदावरचंच सगळं सांगितलं. तिने प्लॅस्टरसकट मला मिठी मारली आणि लिहायला बसली. संध्याकाळपर्यंत लिहून झालंसुद्धा. नऊ गुण.

हे मी केलं.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

न्याहारीला सांगून टाकलं. अंडं तसंच राहिलं.

"दार उघडलं नाही, पोरी. मी कंपनीच्या कागदावरचं सांगितलं. तुझी नोकरी जाईल म्हणून."

तिने चमचा ठेवला. ओरडेल वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण म्हणाली, "ओपा, खाणीत एखाद्या जागी पोचताच आलं नाही तर फळ्यावर काय लिहायचात?"

"आकडा नाही लिहायचा. फुली मारायची. तारीख आणि सही."

"आणि साहेब ओरडला तर?"

"ओरडायचेच की."

तिने कालचं सगळं पुसलं. अकरा वाजेपर्यंत नवीन लिहिलं. आम्ही दोघं मिळून तीन हातांनी खेळलो, दोनदा दारापर्यंत पोचलो, आत जाता आलं नाही. खाली माझे कागद जसेच्या तसे, सरपणासकट, मधासकट. आणि गुणांच्या चौकोनात फुली! खाली — एवाल्ड मोल, निवृत्त, मिथेन मापक.

हाबेर्कोने ते छपाईला पाठवलं. दुसरं पान तयार नव्हतं म्हणून. डिसेंबरमध्ये बोलू, म्हणाला.

तिने मला माफ केलं का, विचारलं नाही. दुपारी माझ्या सूपात तिने मीठ घातलं, मला आवडतं तेवढं.

१ नोव्हेंबर, सोमवार

सर्व संतांचा दिवस, म्हणून दफनभूमीत सगळं गाव. त्राउदाला पांढरी शेवंती आणि चार दिवे. ऊन होतं. कोर्नेलियाने तिला सगळं सांगितलं, मोठ्याने, लोकांसमोर. "ओमा, तुझा नवरा मासिकात छापून येणार." शेजारच्या कबरीपाशी आलेल्या बाई वळून बघायला लागल्या. मी पानं झाडत बसलो. चांगला दिवस.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळ्यांची परीक्षणं आज आली. ठरल्या तारखेआधी छापायचं नाही असा कंपनीशी करार असतो. नऊ. साडेनऊ. दहा. दहा! कोर्नेलियाने सात वाचून दाखवली, आणि सातही जणांचे डोळे आईच्या पत्रापाशी पाणावले. एकाने लिहिलंय, ज्याला हे पत्र वाचून खेळ ही कला वाटत नाही त्याला हृदय नाही.

आणि मला ते वाचताच आलं नाही.

आमच्या मासिकाला संध्याकाळपर्यंत वाचकांची पत्रंही आली, ईमेलने. "परीक्षक सापडत नाहीत म्हणून आजोबांना बसवलंत काय?" एकाने विचारलंय, पुढच्या महिन्यात आजीला बसवणार का. एक बाई मात्र लिहितात, सरपणाचा कागद त्यांनी दोनदा वाचला.

गेरार्ड जिन्यात भेटला. "काय परीक्षक! सातांना जमलं, तुला एकट्याला दार उघडेना?" गमतीने म्हणाला. पण म्हणाला.

७ नोव्हेंबर, रविवार

बटाट्याची धिरडी. अकरा खाल्ली, दोघांत. कोर्नेलिया म्हणते, डिसेंबरचं डिसेंबरमध्ये. पोरगी माझ्यावर गेली नाही, देवाची कृपा.

दुपारी तिने विचारलं, पुन्हा खेळता? कामाचं नाही, असंच? मी टेकडीपर्यंत गेलो. पुढे गेलो नाही.

१० नोव्हेंबर, बुधवार

खेळ बनवणाऱ्यांनी जाहीर केलं — दोघी बहिणी आहेत, व्रोत्सवाफ शहरातल्या. परीक्षणासाठी पाठवलेल्या 'काही प्रतींमध्ये' नावाड्याच्या घराचं दार चुकून बंद राहिलं. शुक्रवारी विक्रीला येईल त्यात दुरुस्ती केली आहे. क्षमस्व.

मी खुर्चीत बसलो ते बसलोच. माझे हात नव्हते! कोर्नेलियाने ते तीनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा गाऊन.

गेरार्डला सांगितलं. तो कबुतरांना दाणे टाकत होता. "काही प्रतींमध्ये म्हणजे तुमच्याच," म्हणाला. "फुटकी बरणी तुझ्या वाट्याला आली, बाकीच्यांची चांगली होती." असेल. तेवढ्यानेही माझं भागतं.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

खेळ विकत घेतला. दार पहिल्याच दाबाला उघडलं. आत एक खुर्ची, विझलेली शेगडी, खिडकीतून नदी. पत्र नाही. कोपरा न् कोपरा पाहिला, मग कोर्नेलियाने बहिणींनाच फोन लावला. आईचं पत्र त्यांनी मेमध्येच काढून टाकलं होतं. परीक्षकांना पाठवलेल्या कुठल्याच प्रतीत ते नव्हतं, फक्त त्या छापील कागदावर राहिलं होतं!