भुरीला कशातून न्यायचं

वलगाव, जि. अमरावती
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय जहाँआरा,
स. न. वि. वि.

फोन सोडून पत्र काहून लिहून राहिले, ते आधी सांगते. मला आताशा ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर ठेवावा लागतो. स्पीकर लावला की शेजारची पार्बताबाई भाजी निवडायला नेमकी आमच्या कुंपणाशी येऊन बसते. तिच्या फोनमध्ये माझ्या सुनेचा नंबर आहे. मी समजायचं ते समजले.

मोरीत पाय घसरला तेव्हापासून चंदनने धोशा लावला आहे, की आई, आता एकटी राहू नको, अकोल्याला चल. त्याचं ठीक आहे, पोटचा पोरगा आहे. पण आठ दिवसांपूर्वी सूनबाईने, प्रणालीने, आपणहून सांगितलं, की तुमच्या भुरीलाही आणा. अगं, जी बाई दिवाळीला इथे आली की मांजर दिसताच शिंकायला लागते, ओट्यावर एक केस सापडला तर अख्खं स्वयंपाकघर धुऊन काढते, तिला एकदम एवढा पुळका? वरून भुरीची मापं मागितली. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, उंची, वजन. मी वितीने मोजली. वजनासाठी तिला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं. सव्वाचार किलो भरली. कागदावर तिचं चित्र काढून, त्यावर मापं टाकून फोटो पाठवला. मास्तरीण ना मी, सवय जात नाही.

परवा कुरिअरने पिशवी आली. कापडी, चेनवाली, एका बाजूला जाळीची खिडकी. सोबत प्रणालीच्या सूचना. पिशवी आतापासून घरात उघडी ठेवा, आत तुमचं जुनं पातळ अंथरा, म्हणजे भुरी आपोआप आत जाऊन बसेल. ऐकलंस? आपोआप! निघण्याआधी चार तास खायला द्यायचं नाही. गाडीत पिशवीवर चादर टाकायची. पाहुण्याला कोणी उपाशी ठेवून, तोंड झाकून घरी नेतं का? आपल्याकडे मांजर नदीपार सोडायचं असलं की पोत्यात घालतात, येतानाचा रस्ता दिसू नये म्हणून. ते पोतं आणि ही चादर, मला तरी काही फरक दिसत नाही.

इथून अकोला दोन तासांचा रस्ता, मधे सगळी मोकळी रानं. चेन उघडायला कितीसा वेळ लागतो? इथलं घर एकदा बंद केलं की माझं परत येणं नाही, आणि भुरीशिवाय त्या घरात मी एक दिवस राहणार नाही. तू काहीतरी निमित्त काढून प्रणालीकडे जा आणि काय चाललंय ते बघ. शफीकभाईंची उमर बॅगा दुरुस्त करण्यात गेली, त्यांनाही पिशवीचं विचार. उत्तर पोस्टानेच दे.

लोभ आहेच, या भांडणात कमी करू नको.
तुझी
मैना

जुने शहर, अकोला
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय मैना,
सलाम आणि खूप खूप दुआ.

डी.एड.च्या होस्टेलात तू तुझ्या ट्रंकेला दोन कुलपं लावायचीस आणि किल्ल्या माझ्याकडे ठेवून माझ्यावरच नजर ठेवायचीस. पंचेचाळीस वर्षांत तुझ्यात काडीचा फरक नाही.

यांना पिशवीचं वर्णन वाचून दाखवलं. ते म्हणाले, चेन नको. मांजर आतून डोकं घालून रेटत राहिली तर चेन सरकते. लांबच्या रस्त्याला प्लास्टिकची कडक पेटी घ्यायची, समोर तारेचं दार, वरूनही उघडणारी, म्हणजे मांजरीला ओढून काढावं लागत नाही. आत तिला उभं राहता आणि वळता आलं पाहिजे, पण घसरत जाईल एवढी मोठीही नको.

काल शेंगदाण्याचे लाडू घेऊन तुझ्या सुनेकडे गेले. तिने चहा केला, नीट बोलली. सोफ्यावर तशाच दोन पेट्या होत्या. पिशवीने मन भरलं नाही म्हणून मागवल्या, त्यातली एक परत करणार, असं तिने सांगितलं. दार हलवून दाखवलं. टेबलावर शिंकांच्या गोळ्यांचं पाकीट होतं. माझं मन निवलं होतं, मैना. पण निघताना तिने विचारलं, की मांजर किती लांबून आपल्या घरी परत येऊ शकते? मी म्हटलं, काहून बाई? तर म्हणाली, सहज.

तुझ्यापासून काही लपवणार नाही. ते 'सहज' मलाही आवडलं नाही.

पायाला तेल लावत जा, आणि माझी आठवण काढत जा.
तुझी
जहाँआरा

वलगाव
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय जहाँआरा,
स. न. वि. वि.

सहज! झालं तर मग. माझा अंदाज कधी चुकत नाही, याचंच मला वाईट वाटतं.

आता माझा निश्चय ऐक. मी चंदनला बजावलं, की पेटी मी निवडणार. अमरावतीला जाऊन मीच घेतली. चारही बाजूंनी तारेची जाळी. भुरीला प्रत्येक वळण, प्रत्येक पूल दिसला पाहिजे. कोणी मधेच सोडली तरी रस्ता ओळखून परत आली पाहिजे. दाराला मी छोटं कुलूप लावणार आहे आणि पेटी माझ्या मांडीवरून हलणार नाही. चादर तर मी टाकूच देणार नाही. प्रणालीने फोनवर दोनदा समजावलं, की उघड्या जाळीत मांजरी घाबरतात, ढोरांच्या डॉक्टरनेही तेच सांगितलं. मी हूं म्हटलं आणि ठेवून दिला.

रविवारी, आठ तारखेला निघतोय. तोवर दुआ कर, तुझी तिकडे लवकर ऐकली जाते.
तुझी
मैना

जुने शहर, अकोला
१ डिसेंबर २०२४

प्रिय मैना,
सलाम.

घाईत लिहिते. शफीक म्हणतात, तारेची पेटी नको, मांजर तोंड घासून घेते. माझं ऐकत नसशील तर त्यांचं ऐक. आणि एक विचारू? पोतं, रस्ता, पूल, नदीपार सोडली की येत नाही, हे सगळं तुला एवढं बारीक कसं ठाऊक? इतक्या वर्षांत तू मला कधी सांगितलं नाहीस.

राग मानू नको. मानलास तरी ये.
तुझी
जहाँआरा

अकोला
९ डिसेंबर २०२४

प्रिय जहाँआरा,
स. न. वि. वि.

तुझ्याच गावात बसून तुला पत्र लिहून राहिले. तू आलीस तर प्रणाली समोर असेल, आणि हे मला तोंडाने दुसऱ्यांदा सांगवणार नाही.

काल निघालो. बडनेरा ओलांडलं आणि मोठा रस्ता लागला तशी भुरी बिथरली. ट्रक बाजूने गेला की जाळीवर उडी. तोंडातून लाळ, आणि ओरडणं असं की मी तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. प्रणाली मागे माझ्याजवळच बसली होती. चादर टाकू द्या, म्हणून तिने तीनदा विनवलं. मी पेटीवर दोन्ही हात ठेवून बसले. मूर्तिजापूरला चंदनने चहासाठी गाडी थांबवली तेव्हा बघितलं, तर भुरीचं नाक सोलून रक्त आलं होतं. माझ्या पेटीने, माझ्या हट्टाने.

चंदन खाली उतरला. प्रणालीने विचारलं, आई, तुमी काहून असं करता? मग मी सांगितलं. तुला नाही सांगितलं ते तिला सांगितलं.

आमच्या सासूबाईंची एक पांढरी मांजर होती. चंदन पोटात होता, मला तिचा वासही सहन व्हायचा नाही. मी तिला दिवसभर उपाशी ठेवलं, दुधाच्या वाटीने पोत्यात बोलावलं आणि शाळेत जाताना पेढी नदीच्या पलीकडे सोडलं. सासूबाई महिनाभर दारात उभ्या राहून वाटी वाजवत होत्या. मी शेजारी उभी राहून म्हणायची, येईल हो. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. मरेपर्यंत नाही. त्यांना माहीत होतं, जहाँआरा.

प्रणालीने वाकून जाळीतून भुरीचं नाक बघितलं. मग म्हणाली, "आई, पयल्या दिवशी माह्याही मनात तेच होतं. चेन उघडी राहिली म्हणून सांगणार होती. मापं मागितली ते बी नुसतं दाखवाले. पण तुमी तिचं चित्र काढून पाठवलं, मग माह्याच्यानं झालं नाही."

तुला विचारलेलं ते 'सहज' कसलं होतं, तेही मी विचारलं. तेव्हा मनातून सगळं गेलं होतं की थोडं उरलं होतं, ते तिचं तिलाही सांगता आलं नाही. तसंच म्हणाली.

माझा अंदाज बरोबर होता. मला राग यायला हवा होता, पण मला रडू आलं. चाळीस वर्षांत मला जे एकदाही बोलता आलं नाही, ते ही पोर गाडीत बसून माझ्या तोंडावर बोलून मोकळी झाली.

मी कुलूप काढलं. किल्ली तिच्या हातात दिली आणि पेटी तिच्या मांडीवर. तिने पदरासारखी ओढणी पसरून पेटी झाकली, शिंकली, आणि आत बोटं घालून बसली. भुरीचा आवाज बसत गेला. चंदन चहा घेऊन आला तेव्हा, म्हणे, मी झोपले होते. अकोला आल्यावर त्यांनी मला उठवलं.

लोभ ठेव. आता हे सगळं कळल्यावर ठेवशील तर.
तुझी
मैना