पुलाखालून जाण्यापुरते वजन

'विलो' बोटीवरून, नॉरफोक
आषाढ वद्य तृतीया (इथल्या लोकांच्या हिशेबी नुसताच सोमवार, आणि पाऊस)

तीर्थस्वरूप बापूंच्या चरणी,

श्रीपादचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी गुडघे आणि पाय ही अंगे सध्या दुरुस्तीला काढली आहेत. उरलेल्या अंगांचा नमस्कार पूर्ण समजून स्वीकारावा.) नलूचाही नमस्कार. आम्ही उभयता खुशाल आहोत. तुमच्या खुशालीबद्दल मात्र तुमच्या लेकीने, सुधाने, जे कळवले ते वाचून मन खट्टू झाले. वहिनी गेल्यापासून तुम्ही दुपारचे जेवण ओट्यापाशी उभ्यानेच उरकता आणि वर्षभरात अकरा किलोंनी उतरलात म्हणे. तुमचे डॉक्टर खूश आहेत असेही तिने लिहिले आहे. मी नाही. ज्या गृहस्थाने बांधलेल्या प्रत्येक पुलावरून पहिला ट्रक जाण्याआधी स्वतः चालून खात्री करून दिली, आणि ती खात्री कोणालाही पुरली, त्याने असे हलके होत जाणे शोभत नाही. पाट मांडून, बसून, दोन घास जास्त जेवत जा. हे मी निखळ आस्थेपोटी लिहितो आहे. यात माझा तिळमात्र स्वार्थ नाही, असे निदान या परिच्छेदापुरते तरी खरे मानावे.

तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते की पाणसळ कधी कामाला आली का. चोवीस वर्षांपूर्वी विमानतळावर सगळ्यांनी चिवडा दिला आणि तुम्ही गवंड्याची बुडबुड्याची पाणसळ दिलीत. ("परक्या मुलखात निदान एक वस्तू तरी सरळ आहे की नाही ते कळायला हवं," असे म्हणाला होतात.) तर बापू, आली. आणि तिने जो घोटाळा केला, त्याबद्दल तुमचे आभार मानण्यासाठीच हे पत्र. हा उपरोध नाही.

'विलो'ची पार्श्वभूमी तुम्हाला अर्धीमुर्धी ठाऊक आहे. आमच्या शेजारीणबाई एनिड अटिंग, वय सत्त्याऐंशी. आम्ही या गावात आलो तेव्हा माडीवरची खोली त्यांनीच दिली होती. पहिल्या हिवाळ्यात रोज सकाळी दाराशी कोळशाची बादली ठेवत, आणि आभार मानायला गेलो की "कसली बादली?" म्हणत. त्यांचे यजमान हॉरेस यांनी ही केबिनची बोट अंगणात स्वतःच्या हाताने बांधली. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे आणि त्या मानाने कमी कुरकुरते. हॉरेस वारले त्या वर्षी एनिडबाई किल्ली घेऊन आल्या. मी इथल्या ग्रंथालयात जुन्या पोथ्यांच्या याद्या करतो एवढेच त्यांना माहीत. म्हणाल्या, "तू जुने कागद सांभाळतोस ना? मग ही पण सांभाळ." अट एकच. नदीने चार मैल खाली त्यांची थोरली बहीण मेव्हिस राहते. काठावर लाकडी बंगली आहे, तिथवर गाडीरस्ता नाही, गवतातून मैलभर पायवाट आहे, आणि एनिडबाईंच्या गुडघ्यांनी त्या पायवाटेशी संबंध तोडून आठ वर्षे झाली. तेव्हा दर जुलैत, मेव्हिसबाईंच्या वाढदिवसाला, त्यांना या बोटीतून न्यायचे. यंदा त्या नव्वद वर्षांच्या होणार होत्या.

दुरुस्त्यांची सगळी कथा सांगत नाही, तुम्हाला रक्तदाब आहे. इंजिनापुरते सांगतो. धूर तिथे अग्नी, हे आपण पाठशाळेत घोकले. या इंजिनाने तो सिद्धान्त दोन उन्हाळे खोटा पाडला. धूर विपुल, अग्नीचा पत्ता नाही. खिडक्यांतून येणारे पाणी मी थांबवले, तर ते माझ्या उशीशी येऊ लागले. (पाणी बोटीत आत येण्याची जागा आणि ते दिसण्याची जागा यांचा संबंध शोधणे, यापेक्षा ब्रह्मसूत्रे सोपी.) पण हे सगळे मी हौसेने केले. गेल्या वर्षीची गोष्ट वेगळी. केबिनमध्ये शिरताना एनिडबाईंचे डोके आडव्या तुळईवर आपटले. "मला बाहेरच बरं वाटतं," म्हणून चार मैल पावसात मागच्या बाकावर बसून राहिल्या. कपाळाला टेंगूळ, मांडीवर केकचा डबा, डब्यावर स्वतःची छत्री. बापू, ती छत्री केकवर धरलेली पाहिली आणि मी ठरवले की या बोटीचे छप्पर पाच इंच वर न्यायचे.

एप्रिल ते जून मी हे काम केले. आता पाणसळीकडे येतो. तरंगत्या बोटीवर पाणसळ लावणे हा काय अनुभव आहे, हे तुमच्यासारख्या खडकात पाया घेणाऱ्यांना कळणार नाही. मी डावीकडे सरकलो की बुडबुडा उजवीकडे. मी श्वास घेतला तरी तो विचारात पडे. अखेर शोध लागला की नलू स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, चुलीपासून दीड वीत अंतरावर, हातात चहाचा भरलेला कप घेऊन उभी राहिली की बुडबुडा बरोबर मध्यावर येतो. अर्ध्या कपाला पुन्हा ढळतो. दोन शनिवार तिने त्या जागी काढले. "लग्नात सप्तपदी सात पावलांचीच होती," ती म्हणाली, "एका पावलावर उभं राहायचं कोणी सांगितलं नव्हतं." पण छप्पर झाले. सरळ झाले, गळेना, आणि इतके घट्ट बसले की मीच मागे सरून पाहत राहिलो.

हे सगळे चालू असताना आमच्या धक्क्यावर एक माणूस रोज येऊन उभा राही. सिरिल लार्टर. चाळीस वर्षे डुकरे पाळली, आता निवृत्त, आणि सारा वेळ नदीकडे बघण्यात घालवतो. तीन महिने त्याने माझे छप्पर इंचाइंचाने वर जाताना पाहिले. रोज म्हणे, "चाललंय." मी म्हणे, "चाललंय." मी हे कौतुक समजत होतो.

वाढदिवस शनिवारी. बुधवारी मी चाचणीसाठी एकटाच बोट घेऊन निघालो आणि पुलापाशी पोचलो.

आमच्या गावचा पूल सहाशे वर्षांचा आहे. एका वेळी एकच बोट जाईल अशी कमान. शेजारच्या आकडे रंगवलेल्या फळीवर पाणी आणि कमान यांच्यामध्ये किती जागा आहे ते दिसते, कारण भरती-ओहोटीबरोबर ती कमीजास्त होते. ऐन ओहोटीला 'विलो' पूर्वी कमानीखालून तीन इंच राखून जात असे. छप्पर मी पाच इंच चढवले होते. पाचातून तीन गेले, हे गणित मी त्या क्षणी, कमानीपासून एक वावावर, पूर्ण वेगाने उलटा पंखा फिरवत केले. चोवीस वर्षे तो पूल पाहतो आहे, बापू. पोथीत मी काना सुटलेला पकडतो. (तुम्ही आता म्हणणार, पूल दोन इंच वर घ्या. हे मला नलूनेही सांगितले, तुमच्या आवाजात.)

धक्क्यावर परतलो तर लार्टर तिथेच. "बसत नाही ना?" म्हणाला. मी विचारले, "तुला माहीत होतं?"

"एप्रिलपासून."

"मग बोलला का नाहीस, बाबा?"

"तू विचारलं नाहीस, लेका." मग बोटीवर चढून त्याने छपरावर बुक्की मारली, दोनदा, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिले. "हे निघायचं नाही. पक्कं केलंयस." नलू दारातून ऐकत होती. "अरे, पंचवीस वर्षांत तुझं एक कपाट टिकलं नाही," ती म्हणाली, "नेमकं हेच टिकायचं होतं?"

संध्याकाळी एनिडबाईंकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्यांना दुसऱ्या कोणाच्या बोटीतून नेता येईल म्हणालो. त्या विणकाम करत होत्या. म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या बोटीत वाकावं लागतं." एवढेच. मग बराच वेळ सुया चालल्या. मेव्हिसबाई गेल्या हिवाळ्यात दोनदा इस्पितळात जाऊन आल्या हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते, आणि पुढच्या जुलैबद्दल दोघेही बोललो नाही. शेवटी त्यांनी विचारले, "बोट खाली दाबली तर?" मी म्हटले, तेरा-चौदा माणसे बसवली तर तीन इंच बुडेल, पण इतकी माणसे कुठून आणू? त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "तू कधी कोणाला काही मागितलं आहेस का रे, या गावात?"

नव्हते मागितले. चोवीस वर्षांत एक शिडीसुद्धा नाही. मला वाटे, ही माणसे अलिप्त, आपण होऊन पुढे येत नाहीत. त्रास कशाला द्या. आणि त्यांना वाटे (हे मला शनिवारी कळले), की हा सोवळ्यातला माणूस, याला कोणी मध्ये आलेले आवडत नाही. अशी दोन्ही बाजूंनी तपश्चर्या चालू होती.

मी दुकानाच्या दारावर चिठी लावली: शनिवारी अकरा वाजता, ओहोटीला, बोट जड करण्यासाठी माणसे हवीत. खाली सही केली. शनिवारी पावणेअकराला धक्क्यावर एकवीस जण उभे. इथल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दोर ओढून घंटा वाजवणारे पाच जण आले, ते तर दोरांना लोंबकळूनच तयार झालेले देह. आमच्या पाद्रीणबाई आल्या. टपालवाला आला. आता इथे कोणाला वजन विचारणे म्हणजे जात विचारण्यापेक्षा वाईट. पण लार्टरने विचारलेच नाही. चाळीस वर्षे त्याने नजरेने वजने केली आहेत. एकेकाकडे बाजूने पाही, क्षणभर डोळे मिटे आणि जागा सांगे: "तू पुढे. तू मधे. बाई, तुम्ही खाली बसा, जमिनीवर, मधोमध. तुमच्यावर बोट टेकायची आहे." पाद्रीणबाई म्हणाल्या, "हे मी प्रशंसा समजू का, सिरिल?" तो म्हणाला, "जनावरांच्या प्रदर्शनात बक्षीसच मिळालं असतं तुम्हाला." स्वतःसकट तेरा घेतले. उरलेले आठ खरोखरच हिरमुसले.

एनिडबाई शेवटी आल्या. निळा कोट, केकचा डबा. दारापाशी सवयीने मान खाली घातली. मग थांबल्या, मान वर केली आणि ताठ आत गेल्या. तेरा माणसे जमिनीवर दाटीवाटीने बसलेली, आणि त्यांच्यामध्ये ही एकटी उभी. डोक्यावर अजून चार बोटे जागा होती. मी चाकाशी होतो, मला पुढचे नीट दिसेना. ऊन होते, असे समजा.

कमानीखाली सगळ्यांनी श्वास रोखले. "सोडा श्वास," लार्टर ओरडला, "कोंडून वजन वाढत नाही!" दगड छपरावरून बोटभर अंतराने सरकत होते. आणि ऐन मध्यावर 'टक्' असा आवाज झाला. मी हौसेने बसवलेली पितळी धुराडी, जिची उंची मी हिशेबात धरली नव्हती, छपरावरून घरंगळून नदीत गेली. आतून एनिडबाईंचा आवाज आला, "मला ती कधीच आवडली नव्हती." आणि आम्ही पलीकडे उन्हात आलो.

पुलापलीकडे माणसांना उतरवायचे ठरले होते. कोणी उतरेना. टपालवाला म्हणाला, आता बसलोच आहोत तर. म्हणून नव्वदाव्या वाढदिवसाला, जिथे दोन म्हाताऱ्या आणि एक केक असा बेत होता, तिथे आम्ही नलू धरून सोळा जण काठोकाठ बुडालेल्या बोटीतून पोचलो. मेव्हिसबाई काठावर खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "उशीर केलास."

"माणसं आणत होते," एनिडबाई म्हणाल्या.

"छप्पर वाढलंय."

"हो. मी उभी राहून आले."

मेव्हिसबाईंनी बहिणीचा हात धरला तो केक संपेपर्यंत सोडला नाही; डाव्या हाताने खाल्ले. घंटावाल्यांनी चमचे पेल्यांवर वाजवले. एनिडबाई आता सप्टेंबरअखेरपर्यंत इथे मेव्हिसबाईंकडेच राहणार आहेत आणि बोटही इथेच. मी दर आठवड्याला पायवाटेने तिची तब्येत पाहायला येतो, तसा आज आलो आहे. तर बापू, तुमच्या पाणसळीने छप्पर सरळ झाले, सरळ झाले म्हणून पक्के झाले, पक्के झाले म्हणून निघेना, आणि निघेना म्हणून मला माणसे मागावी लागली. या कार्यकारणाचे आदिकारण तुम्ही. आपला ऋणी आहे. शिवाय यापुढे मी बोटीच्या कोणत्याही सुधारणेला हात लावणार नाही, अशी नदीत उभे राहून प्रतिज्ञा केली आहे.

आपला,
श्रीपाद

ताजा कलम १. नदीत उभा होतो तो धुराडी शोधण्यासाठी. सापडली. फक्त थोडी आखूड करून बसवणार आहे.

ताजा कलम २. एक किरकोळ बाब राहिली. बोट सप्टेंबरात त्याच पुलाखालून परत यायची आहे. पाद्रीणबाईंची बदली होते आहे आणि दोन घंटावाले तेव्हा गावात नाहीत. सुधाच्या लग्नातला तुमचा फोटो लार्टरला दाखवला. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "अठ्ठ्याण्णव. मधे बसव." उतरलेल्या अकरा किलोंबद्दल मी त्याला सांगितलेले नाही. अडीच महिने हाताशी आहेत. नलू म्हणते, तुम्ही ऑगस्टातच या, उरलेले ती बघते.

ताजा कलम ३. पत्र नलूने वाचले आणि म्हणते, खोटेपणा नको, सगळे लिही. लिहितो. लार्टरच्या गोठ्यात वाळूची चाळीस पोती पडून आहेत. पुराच्या वेळची. तेरा काय, वीस माणसांचे काम करतील. त्या शनिवारीही होतीच. काल मी त्याला विचारले, मग तेव्हा का बोलला नाहीस? तो म्हणाला, "तू चिठीत माणसं मागितली होतीस, लेका."

तेव्हा बापू, चोवीस वर्षांत 'या' असे मी तुम्हाला एकदाही लिहिले नाही; तुम्हाला त्रास कशाला, म्हणून. आता लिहितो. पोती आहेत. तुम्ही या.