डावीकडचा सलाम

नुर्मा,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मी पायाकुंबूहला, मावशीच्या तान्ह्या नातवाच्या अकीक्याच्या जेवणाला चालले आहे. अंधार पडेपर्यंत येते.

बाबांना मऊ भात आणि हळदीच्या पानातला मासा वाढ. अर्धांगाचा झटका आल्यापासून डावी बाजू त्यांच्या लेखी नाहीच, अर्धं ताट तसंच राहतं. ‘खात नाहीत’ म्हणून मला फोन करत बसू नकोस, ताट फिरव. व्यायामवाल्या बाई येऊन डाव्या कानाशी घंटी वाजवतील. हे ढिम्म हलायचे नाहीत. बाईंना चहा दे.

तिसऱ्या प्रहरी असरच्या वुजूला, हात-पाय-तोंड धुवायला, पाणी कोमट कर. खुर्चीत बसून नमाज पढतात, मधेच विसरतात, टोकू नकोस. पण शेवटी उजवीकडे सलाम फिरवला की मान आपोआप डावीकडे वळते, पार खांद्यापर्यंत. मी माझी नमाज आधी उरकून तिथेच, त्यांच्या डावीकडे, स्टुलावर बसलेली असते. तो सलाम फरिश्त्यांना असतो, ठाऊक आहे मला, शिकवू नकोस. पण तेवढ्यापुरते का होईना, ते माझ्याकडे बघतात.

आज ते स्टूल रिकामंच ठेव. तू दारातून बघ. मी दिसले नाही, तर त्यांची नजर तिथे जराशी घुटमळते का, एवढंच मला सांग.

नाही घुटमळली, तरी घुटमळली म्हण.

आई